दिल्लीच्या उन्हात पिकाचू

मे महिन्यातल्या दिल्लीत दुपारी दोन वाजता कामाशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असतो, लू वाहत असते आणि ई-रिक्षावालेही झाडाखाली सावली धरून बसलेले असतात. ‘पोकेमॉन गो’ या मोबाइलवरच्या खेळाचा दर महिन्याचा सण, म्हणजे ‘कम्युनिटी डे’, सहसा नेमका याच वेळी असतो: स्थानिक वेळेनुसार दुपारी दोन ते पाच. त्या तीन तासांत एक ठरावीक पोकेमॉन जागोजाग दिसू लागतो आणि त्याचं वेगळ्या रंगाचं दुर्मीळ रूप, खेळाडूंच्या भाषेत ‘शायनी’, सापडण्याची शक्यता खूप वाढते. पण घरी बसून फारसं हाती लागत नाही, चालावं लागतं.

करोनाच्या काळात हाच सण सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच असा सहा तास चालायचा. एप्रिल २०२२ मध्ये, तेव्हा खेळ चालवणाऱ्या नियांटिक कंपनीने तो पुन्हा तीन तासांवर आणला. तीन तासांहून अधिक खेळणारे पाच टक्क्यांपेक्षाही कमी आहेत, असं कारण दिलं गेलं. आकडा खरा असेलही. पण सहा तासांची मुभा होती तेव्हा प्रत्येक जण आपल्या सोयीचे तास निवडू शकत होता, ही गोष्ट त्या आकड्यात येत नाही. नोएडातल्या मुलीने अकरा ते साडेबारा खेळून उन्हाच्या आधी घर गाठलं, तर तिच्यासाठी खेळ चांगला होता. आता तिला भर उन्हात निघावं लागतं किंवा सण सोडावा लागतो. पडद्यावरचं चित्र तेच, पिकाचू तोच, तरीही तिच्या दृष्टीने खेळाचा दर्जा घसरला.

पोकेमॉनवरची टीका समजून घ्यायची तर इथून सुरुवात करणं बरं. खेळाचा ‘दर्जा’ म्हणजे नुसती चित्रं आणि वेग नव्हे. तो कुणाच्या हातात, कुठल्या गावात आणि किती पैसे मोजून पोहोचतो, यावर त्याची पारख बदलते. जगभरचे पोकेमॉनप्रेमी गेली काही वर्षं या मालिकेवर नाराज आहेत. दिल्ली आणि आसपासच्या शहरांतले खेळाडू त्या नाराजीत सामील आहेत, पण त्यांच्या तक्रारीत आणखी काही गोष्टी मिसळल्या आहेत.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन ग्रीन’ हे दोन खेळ आले. बनवणारी कंपनी गेम फ्रीक, कल्पना सातोशी ताजिरी यांची. लहानपणी किडे पकडण्याचा त्यांना नाद होता, त्यातून हे सुचलं. गवतात, गुहेत, पाण्यात विचित्र प्राणी भेटतात. ते पकडायचे, वाढवायचे, एकमेकांशी झुंजवायचे आणि मित्राशी अदलाबदल करायचे. तेव्हा प्राणी १५१ होते, आज हजाराच्या वर गेले आहेत.

त्या पहिल्या खेळात चुका मुबलक होत्या. ‘फोकस एनर्जी’ नावाच्या डावाने जोरदार फटका बसण्याची शक्यता वाढायला हवी होती, ती उलट कमी व्हायची. मानसिक शक्तीच्या पोकेमॉनना भुतांच्या डावांची भीती असायला हवी होती, प्रत्यक्षात त्यांच्यावर त्या डावांचा काहीच परिणाम होत नसे. एका किनाऱ्यावर ठरावीक पद्धतीने वर-खाली पोहलं की ‘मिसिंगनो’ नावाचा मोडकातोडका ठोकळा समोर यायचा. तरीही लोकांनी तो खेळ डोक्यावर घेतला. छोट्या कंपनीने सहा वर्षं खपून, इवल्याशा यंत्रात एवढं मोठं जग बसवलं होतं, हे त्यांना दिसत होतं. आज पोकेमॉन ही जगातल्या सर्वात जास्त कमाई करणाऱ्या करमणूक मालिकांपैकी एक आहे. तेव्हाची माफी आताही मिळावी अशी अपेक्षा कंपनीने ठेवू नये, असं चाहते म्हणतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे.

भारतात पोकेमॉन आला तो मात्र खेळ म्हणून नव्हे. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर त्याची मालिका हिंदीत सुरू झाली आणि शाळेतून आलेली मुलं दप्तर टाकून टीव्हीपुढे बसू लागली. चिप्सच्या पुड्यांतून पोकेमॉनचे टॅझो नावाचे छोटे गोल बिल्ले निघायचे, ते वर्गात बाकाखाली बदलले जायचे. खेळ मात्र दूर होता. तो चालणारं यंत्र भारतातल्या सामान्य दुकानांत मिळतच नव्हतं. २००८ मध्ये नोएडाच्या एचसीएल इन्फोसिस्टिम्सने निन्टेंडोची वी आणि डीएस ही यंत्रं बाजारात आणली, पण ती इथे रुजली नाहीत. पुढे २०१७ मध्ये जगभर गाजलेलं स्विच निन्टेंडोने भारतात अधिकृतपणे विकायला आणलंच नाही.

मुलांनी वाट काढली. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचे ‘फायररेड’ आणि ‘एमराल्ड’ हे खेळ जेमतेम १६ एमबीच्या फाइलमध्ये मावायचे. सायबर कॅफेतून ती फाइल आणली, संगणकावर किंवा पुढे स्वस्त अँड्रॉइड फोनवर एम्युलेटर टाकला, की झालं काम. एम्युलेटर म्हणजे त्या जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. कॅनॉट प्लेसच्या पोटातला पालिका बाजार आणि दक्षिण दिल्लीतलं नेहरू प्लेस या जागा दिल्लीकर खेळाडूंना पाठ असतात. अमेरिकी व्यापार प्रतिनिधीच्या ‘बदनाम बाजारां’च्या यादीत ही दोन्ही नावं वेगवेगळ्या वर्षी येऊन गेली आहेत. हा मार्ग कायद्यात बसत नव्हता, हे खरंच. पण दुसरा मार्ग कुणी खुला ठेवला नव्हता, हेही तितकंच खरं. आज तिशीच्या आसपास असलेल्या असंख्य भारतीयांनी पोकेमॉनचा खेळ पहिल्यांदा खेळला तो असा.

अधिकृत यंत्रावर खेळणारे आणि असे एम्युलेटरवर खेळणारे, यांच्यातला हा फरक पुढच्या मोठ्या भांडणात महत्त्वाचा ठरतो.

जून २०१९. अमेरिकेतल्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाच्या वेळी ‘पोकेमॉन सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या येऊ घातलेल्या खेळांबद्दल बोलताना निर्माते जुनिची मासुदा यांनी सांगितलं की, आजवरचे सगळे पोकेमॉन या खेळात आणता येणार नाहीत. चाहत्यांसाठी हा धक्का होता. २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’पासून एका खेळातला पोकेमॉन पुढच्या खेळात, एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेण्याची सोय टिकवलेली होती. दहाव्या वर्षी पकडलेला प्राणी सत्ताविसाव्या वर्षीही सोबत असायचा. आजोबांपासून चालत आलेल्या तिकिटांच्या अल्बममधली निम्मी पानं अचानक फाडून टाकावीत, तसं लोकांना वाटलं. या निर्णयाला ‘डेक्झिट’ असं नावही पडलं.

कारण दिलं गेलं ते दर्जाचं. नव्या यंत्रावर प्रत्येक प्राण्याचं रूप आणि हालचाली नव्याने घडवायला वेळ लागतो, लढतींचा समतोलही राखावा लागतो, असं मासुदांचं म्हणणं होतं. मग चाहत्यांनी भिंग लावलं. जुन्या खेळातले आणि नव्या खेळातले प्राण्यांचे सांगाडे शेजारी-शेजारी ठेवून, बरेचसे तर तेच आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. ‘डबल किक’ म्हणजे दोन लाथा. पण आगाऊ दाखवलेल्या चित्रफितीत ही चाल खेळणारा प्राणी जागच्या जागी दोन उड्या मारतो आणि समोरच्याला इजा होते. मोकळ्या मैदानातल्या एका झाडाचं चित्र तर ‘झेल्डा’ या खेळमालिकेच्या १९९८ च्या खेळातल्या झाडाशेजारी ठेवून जगभर फिरलं. दर्जा वाढवण्यासाठी संख्या कमी केली म्हणता, तर तो दर्जा दाखवा, एवढाच त्या टीकेचा रोख होता. तो नेमका होता.

१५ नोव्हेंबर २०१९ ला खेळ आला आणि पहिल्याच शनिवार-रविवारपर्यंत त्याच्या ६० लाख प्रती विकल्या गेल्या. रागाचा विक्रीवर काही परिणाम झाला नाही.

दिल्लीतल्या एम्युलेटरवाल्या पिढीला या भांडणात एक वेगळंच दुःख होतं. त्यांचे पोकेमॉन मुळातच कुठे नेता येत नव्हते. संगणक फॉरमॅट झाला, फोन बिघडला, की संपूर्ण संग्रह गेला. सतरा वर्षांची साखळी तुटली म्हणून रडणाऱ्या जपानी-अमेरिकी खेळाडूच्या हातात निदान ती साखळी होती. पुढे ‘पोकेमॉन गो’ ‘पोकेमॉन होम’ या साठवणीच्या सेवेशी जोडला गेला, तेव्हा अनेक भारतीयांना प्रथमच स्वतःचा अधिकृत संग्रह मिळाला. डेक्झिटचा अर्थ त्यांना तेव्हा कळला: आपण पकडलेला प्राणी पुढच्या खेळात शिरू शकेल की नाही, हे दुसरंच कुणी ठरवणार.

मालिकेचा वेग या काळात थांबला नाही. २०१६, २०१७, २०१८, २०१९ असे दर वर्षी नवे खेळ आले. २०२० मध्ये ‘सोर्ड-शील्ड’चे पैसे देऊन घ्यायचे विस्तार आले, आणि वगळलेल्यांपैकी दोनशेहून अधिक प्राणी तेव्हा परतले. २०२१ च्या नोव्हेंबरात जुन्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’च्या नव्या आवृत्त्या आल्या. २०२२ मध्ये तर दोन मोठे खेळ: जानेवारीत ‘लेजंड्स: आर्सियस’, नोव्हेंबरात ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’.

‘आर्सियस’बद्दल चाहत्यांचं मत बघण्यासारखं आहे. चित्रं भकास, डोंगर धुरकट, हे सगळ्यांनीच म्हटलं. तरीही पोकेमॉन पकडायची जुनी पद्धत मोडून, दबकत पाठीमागून जाऊन चेंडू फेकण्याची नवी गंमत त्यात होती, म्हणून लोकांनी त्याचं भरभरून कौतुक केलं. या मंडळींना तक्रारीचीच खोड आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा खेळ विसरू नये.

‘स्कार्लेट-व्हायोलेट’ने मात्र कडेलोट केला. या खेळात पहिल्यांदाच पूर्ण मोकळं जग होतं, कुठूनही कुठेही जा. कल्पना उत्तम होती. पण यंत्राला ती पेलवत नव्हती. पडद्यावर हालचाल दिसते ती सेकंदाला अनेक चित्रं एकामागून एक दाखवून. स्विचवर या खेळाला सेकंदाला तीस चित्रंसुद्धा सलग दाखवता येईनात. खेळातल्या शाळेच्या वर्गाचं दृश्य घ्या. पुढच्या बाकांवरची मुलं नीट हलतात. मागच्या रांगेतली मुलं मात्र मान वळवायची तर मध्येच थांबतात, पुन्हा थोडी वळतात, जुन्या झटकेदार चित्रफितीसारखी. उतारावर लढत लागली की कॅमेरा जमिनीखाली शिरतो आणि जगाची पोकळ खालची बाजू दिसते. चालता चालता माणूस जमिनीतून आरपार खाली पडल्याच्या चित्रफिती आठवडाभर जगभर फिरत राहिल्या. जास्त वेळ खेळलं की सारं मंदावायचं, म्हणून खेळ बंद करून परत चालू करायचा सल्ला खेळाडू एकमेकांना देत होते.

१८ नोव्हेंबर २०२२ ला आलेल्या या खेळाच्या तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या गेल्या. निन्टेंडोच्या यंत्रांवर एवढ्या झपाट्याने तोवर काहीच विकलं गेलं नव्हतं. दोन आठवड्यांच्या आत, १ डिसेंबरच्या दुरुस्तीसोबत, निन्टेंडोने खेळाडूंची माफी मागितली आणि त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेत असल्याचं सांगितलं. विक्रमी विक्री आणि माफीनामा एकाच पंधरवड्यात!

परदेशात काही खेळाडूंना पैसे परत मिळाल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या. दिल्लीकर खेळाडूसाठी हा दरवाजा नव्हताच. भारतात निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान नाही, त्यामुळे खातं दुसऱ्या देशाच्या नावाने उघडायचं. साठ डॉलरचा खेळ बाहेरून आलेल्या मालातून घ्यायचा, पाच हजारांच्या आसपास. बिघडला तर अधिकृत दुरुस्ती केंद्र नाही, तक्रार ऐकणारी खिडकी नाही. जिथे ग्राहक म्हणून कागदोपत्री अस्तित्वच नाही, तिथल्या माणसाने तोच सदोष खेळ जास्त जोखीम पत्करून घेतलेला असतो. टीका करण्याचा त्याचा हक्क कुणाहून कमी नाही, उलट थोडा जास्तच आहे.

पोकेमॉनचा एक खेळ मात्र भारतात पुढच्या दाराने आला, तो ‘पोकेमॉन गो’. जुलै २०१६ मध्ये जगात त्याचं वेड पसरलं, तेव्हा इथल्या लोकांनी तो मिळेल तिथून उतरवून घेतला. त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयात या खेळाविरुद्ध जनहित याचिकाही दाखल झाली. खेळातली अंडी देवळांच्या जागी सापडतात, यावर आक्षेप होता. अखेर १४ डिसेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओशी करार करून तो अधिकृतपणे भारतात आला आणि रिलायन्सची दुकानं पोकेस्टॉप झाली.

पोकेस्टॉप म्हणजे खऱ्या नकाशावरचं ठिकाण, जिथे पोहोचल्यावर खेळासाठी लागणारे चेंडू वगैरे मिळतात. पुतळे, देवळं, कारंजी, जुन्या वास्तू यांना असं स्थान मिळतं. या हिशेबाने दिल्ली भाग्यवान. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असलेली पावणेदोनशेच्या आसपास स्मारकं या एका शहरात आहेत. बिनतिकिटाच्या लोधी गार्डनमध्ये थडग्यांभोवती चालत हा खेळ छान रंगतो. पण हुमायूनच्या मकबऱ्यात शिरायला चाळीस रुपयांचं तिकीट लागतं. म्हणून ‘किती अंतरावरून पोकेस्टॉप वापरता येतो’ हा रुक्ष वाटणारा प्रश्न इथे फार जिव्हाळ्याचा आहे.

हे अंतर आधी चाळीस मीटर होतं, करोनात ते ऐंशी केलं गेलं. १ ऑगस्ट २०२१ पासून नियांटिकने अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते परत चाळीस केलं आणि खेळाडू पेटून उठले. व्हीलचेअरवरचे खेळाडू, लहान मुलांना घेऊन चालणारे पालक, अंधाऱ्या बागेत शिरायला नको वाटणाऱ्या बायका, या सगळ्यांना वाढीव अंतराने खेळ पहिल्यांदा खुला झाला होता. एक दिवस खेळ न उघडण्याचा बहिष्कारही झाला. २५ ऑगस्टला कंपनीने माघार घेतली आणि ऐंशी मीटर हेच जगभर कायम केलं. रिंग रोडच्या अलीकडूनच पलीकडचा स्टॉप गाठणाऱ्या दिल्लीकराच्या दृष्टीने ही गेल्या काही वर्षांतली सर्वात मोठी गुणवत्तावाढ आहे, आणि ती केवळ तक्रारीमुळे टिकली.

दुसऱ्या वेळी तसं झालं नाही. ‘रेड’ म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनवर घातलेला छापा; एप्रिल २०२० पासून पास विकत घेऊन घरूनही त्यात भाग घेता यायचा. एप्रिल २०२३ मध्ये त्या पासाची किंमत खेळातल्या १०० नाण्यांवरून १९५ झाली आणि दिवसाला पाचच छाप्यांची मर्यादा आली. लोकांनी बाहेर पडावं, एकत्र खेळावं, हा कंपनीचा हेतू होता. हेतू चांगलाच आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीची हवा इतकी बिघडली की शाळा ऑनलाइन न्याव्या लागल्या. मुलांना घराबाहेर काढू नका असं सरकारच सांगत असताना, बाहेर पडा म्हणणारा नियम या शहराला लागू कसा पडावा? दर वाढले तेव्हा बहिष्कार, सह्यांची मोहीम, सगळं झालं होतं. ते दर कंपनीने मागे घेतले नाहीत.

भारताकडे लक्षच नाही असंही म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हिंदीत आला, आठशेहून अधिक पोकेमॉनची नावं देवनागरीत दिसू लागली. मराठीची सोय अजून नाही. २०२५ मध्ये नियांटिकने आपला खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरला स्कोप्ली कंपनीला विकला, त्यामुळे तक्रारीचा पत्ताही आता बदलला आहे.

मोठ्या खेळांच्या आघाडीवर थोडी हालचाल दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये पोकेमॉन कंपनीचे मुख्य परिचालन अधिकारी (सीओओ) ताकातो उत्सुनोमिया यांनी एका मुलाखतीत मान्य केलं की, ठरावीक अंतराने खेळ आणत राहणं आणि दर्जा राखणं यांचा मेळ कसा घालायचा यावर त्यांच्यात बोलणी चालू आहेत. २०२४ हे वर्ष मग मोठ्या खेळाविना गेलं. १६ ऑक्टोबर २०२५ ला ‘लेजंड्स: झेड-ए’ आला तो ‘स्कार्लेट’पेक्षा कितीतरी सुरळीत चालणारा. अख्खा खेळ एकाच शहरात घडतो, आणि त्या शहरातल्या इमारतींच्या खिडक्या-सज्जे सपाट भिंतीवर चिकटवलेल्या चित्रांसारखे दिसतात, हे चाहत्यांनी लगेच टिपलं. खेळ बाजारात येण्याआधीच त्याचा पैसे देऊन घ्यायचा विस्तार जाहीर झाला, यावरही राग निघाला. पहिल्या आठवड्यात ५८ लाख प्रती विकल्या गेल्या.

आणि ‘स्कार्लेट-व्हायोलेट’? ५ जून २०२५ ला स्विच टू हे नवं यंत्र आलं, त्याच दिवशी या खेळाला मोफत सुधारणा मिळाली. आता तो सेकंदाला साठ चित्रांच्या वेगाने धावतो आणि वर्गातली मागच्या बाकांवरची मुलंही नीट मान वळवतात. अडीच वर्षं चाहते सांगत होते की खेळ चांगला आहे, फक्त तो घाईने आणि न पेलणाऱ्या यंत्रावर आणला. या सुधारणेने त्यांचं म्हणणं खरं ठरवलं. पण त्यासाठी नवं यंत्र हवं, आणि नेहरू प्लेसमध्ये ते हुडकणाऱ्या खेळाडूला आजही बाहेरून आलेला माल, दुकानदार सांगेल ती किंमत आणि दुकानदाराच्याच शब्दाची वॉरंटी घ्यावी लागते.